एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठणठणीत?

'हिपॅटायटिस बी असला तरी एसजीपीटी नॉर्मल आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर लिव्हरला धक्का नाही. फायब्रोस्कॅन म्हणजे पैसे उकळणं. खरं फक्त बायोप्सीत कळतं.' हा फॉरवर्ड अनेकांना आला असेल. यातलं एकेक वाक्य तपासू.

'एसजीपीटी नॉर्मल.' यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं हे एन्झाइम रक्तात झिरपतं. म्हणजे ते आत्ताची जळजळ सांगतं, वर्षानुवर्षं साचलेले वण नाही. सिरोसिस (वणांनी यकृत कडक होणं) झालेल्या रुग्णातही ते नॉर्मल येऊ शकतं. शिवाय नॉर्मल कुणाच्या मते? बऱ्याच रिपोर्टांवर वरची मर्यादा 40 किंवा जास्तच छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी 30 आणि स्त्रियांसाठी 19 धरते.

'सोनोग्राफी स्वच्छ.' खडबडीत कडा, वाढलेली प्लीहा, पोटातलं पाणी हे सगळं उशिरा दिसतं. मधल्या टप्प्यातले वण सहसा निसटतात. सिरोसिसमध्ये दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करतात ती कॅन्सरची गाठ वेळेत सापडावी म्हणून.

पैशांचंच म्हणाल, तर पहिला अंदाज जुन्या रिपोर्टवरून फुकट निघतो. त्याला एप्री म्हणतात. समजा एसजीओटी (असंच दुसरं एन्झाइम) 48, लॅबची मर्यादा 40, प्लेटलेट 1.2 लाख. 48 भागिले 40, गुणिले 100, भागिले 120: उत्तर 1. एसजीपीटी 28 असलं तरी हेच उत्तर. 2024च्या जागतिक मार्गदर्शनानुसार प्रौढांत 0.5च्या वर गेलं की औषधाचा विचार करायचा. प्लेटलेट हजारांत मांडायच्या, 1.2 घातलं की आकडा शंभरपट फुगतो. डेंगीच्या तापातला किंवा जिममध्ये अंग मोडून घेतल्यानंतरचा रिपोर्ट इथे वापरू नये, कारण एसजीओटी स्नायूंतूनही येतं.

फायब्रोस्कॅन यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतो. 7च्या वर लक्षणीय वण, 12.5च्या वर सिरोसिसची शक्यता. मात्र आधी 3 तास पोट रिकामं हवं आणि किमान 10 रीडिंग ग्राह्य हवीत. चहा-नाश्ता करून गेलात, एसजीपीटी पाचपट चढलेलं असलं किंवा पित्तनळी तुंबलेली असली, तर आकडा खोटा वाढतो. अशा वेळी घाबरून जाण्यापेक्षा जळजळ उतरल्यावर पुन्हा मोजावं.

राहिली बायोप्सी. सुईत येतो तो यकृताचा सुमारे 50,000वा भाग, आणि वण सगळीकडे सारखे नसतात. आकडे एकमेकांशी जुळत नसतील किंवा दुसऱ्या आजाराचा संशय असेल, तेव्हा ती करावी.