सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे कार्बन नव्हे

टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड परत फिरतंय आणि बऱ्याच जणांनी त्याला अंगठे दिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. त्यात म्हटलंय की पृथ्वीचं कवच मुख्यतः कार्बनचं आहे, आपला काळा सह्याद्री आणि काळी माती हा त्याचा पुरावा, पायाखाली एवढा कार्बन असताना गाड्यांच्या धुराचा बाऊ कशाला, आणि एकच ज्वालामुखी माणसाच्या शंभर वर्षांपेक्षा जास्त कार्बन सोडतो. एकेक घेऊ.

"कवच मुख्यतः कार्बनचं." साफ चूक. वजनाने कवचात जवळपास 46 टक्के ऑक्सिजन, 28 टक्के सिलिकॉन, 8 टक्के ॲल्युमिनियम, 5 टक्क्यांच्या आसपास लोखंड, मग कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, आणि या आठांतच 98 टक्के संपतात. कार्बनचा आकडा कोष्टकागणिक बदलतो, पण 0.02 ते 0.2 टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, म्हणजे टायटॅनियमसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त आहे. हे काही नवीन संशोधन नाहीये, अमेरिकेच्या फ्रँक क्लार्कने दगडांची रासायनिक विश्लेषणं गोळा करून असा हिशोब 1889 मध्येच मांडला होता. मला वाटतं गोंधळ होतो तो आपल्या शरीरामुळे, शरीरात वजनाने 18 टक्के कार्बन असतो, झाडांत तर अजून जास्त, त्यामुळे जमीनही तशीच असणार असं वाटतं. पण झाड आपला कार्बन हवेतून घेतं, आणि त्या हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त 0.04 टक्के आहे!

"सह्याद्री काळा म्हणून कार्बन." हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण आपण रोज ज्याच्यावरून चालतो तो दगड इतका भारी आहे आणि त्याची ओळख अशी करून दिली जातेय. हा बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, आजही ते जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर आहेत. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका असते, आणि काळेपणा येतो तो लोखंड असलेल्या खनिजांमुळे, पायरोक्सीन आणि मॅग्नेटाइट. म्हणून तर हा दगड कुजला की तांबूस-तपकिरी होतो, लोखंड गंजल्यावर होतं तसा. पुण्यातली पाताळेश्वरची लेणी याच दगडात कोरलीयत. कोळसा जळतो, बेसाल्ट जळत नाही, अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला तापवला तर वितळतो, बास. कोळसा हवा असेल तर चंद्रपूर-यवतमाळकडे जावं लागतं. आता, आपल्या दगडात कार्बन अजिबातच नाही असंही नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट हे निळं खनिज जगभरचे संग्राहक शोधत असतात, त्याच पोकळ्यांमध्ये कॅल्साइटचे स्फटिकही सापडतात आणि कॅल्साइटमध्ये कार्बन असतो. पण तो लाव्हा थंड झाल्यावर पाण्याबरोबर येऊन बसलेला, अख्ख्या डोंगराच्या मानाने चिमूटभर.

काळ्या मातीचंही तेच. शेतकऱ्यांना विचारा, माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (म्हणजे कार्बनच) बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच येतो आणि तो वाढवायला ते शेणखत घालत असतात.

"पायाखाली एवढा कार्बन, मग बाऊ कशाला." यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. टक्केवारी छोटी असली तरी कवच प्रचंड आहे, त्यामुळे खडकांतला एकूण कार्बन हवेतल्या कार्बनच्या हजारो पट भरतो. पण तो चुनखडीत आणि शेलसारख्या गाळाच्या खडकांत बांधलेला आहे, आणि निसर्ग तो लाखो वर्षांच्या संथ चक्राने सोडतो नि परत घेतो. परत घेण्यात तर आपल्या बेसाल्टचाही हात आहे, पावसाने तो झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात बांधला जातो. मुद्दा वेगाचा आहे. कोळसा आणि तेल जाळून माणूस वर्षाला साधारण 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि औद्योगिक काळाआधी हवेत दहा लाखांत 280 भाग होता तो आता 420 च्या वर गेलाय.

"एक ज्वालामुखी शंभर वर्षांपेक्षा जास्त." जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या जेमतेम एक टक्का. 1991 चा फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी, त्यातून सुमारे 5 कोटी टन आला, आपण आज दिवसाला 10 कोटी टन सोडतो. आपला बेसाल्ट ज्यातून आला ते दख्खनचे उद्रेक याहून कितीतरी मोठे होते हे खरं, पण ते लाखो वर्षांत पसरलेले होते. शिवाय वाढलेला कार्बन कुठून आला हे हवेतच कळतं: कार्बन डायऑक्साइड वाढतोय तसा ऑक्सिजन किंचित कमी होतोय, श्वासाला धोका नाही इतका थोडा, पण मोजता येईल असा. ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड आयता तयार होऊन बाहेर पडतो, त्याला हवेतला ऑक्सिजन लागत नाही. काहीतरी जाळलं तरच तो लागतो.