नाझारे 2011 साली जन्मलेलं नाही

पोर्तुगालच्या नाझारे गावाची एक गोष्ट मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत आणि प्रवासाच्या रील्समध्ये सारखी फिरत असते. कोणाला ठाऊक नसलेलं मच्छीमारांचं एक गरीब खेडं होतं. 2011 मध्ये हवाईचा सर्फर गॅरेट मॅक्नमारा तिथे आला, त्यानं 100 फुटी लाट शोधून काढली आणि गावाचं नशीब पालटलं. सोबत आणखी काही जोडलेलं असतं: तिथल्या बायका सात लाटांसाठी सात परकर घालतात, मासेमारी आता संपली आहे आणि तिथल्या समुद्रात बारा महिने पाय घालायची सोय नाही. वाचायला छान वाटतं, पण यातलं बहुतेक चुकीचं आहे. ज्यांनी हा किनारा शतकानुशतकं कसला, त्यांनाच ही गोष्ट पुसून टाकते, म्हणून तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

कोणाला ठाऊक नव्हतं, हे पहिलं विधान. लिस्बनच्या उत्तरेला सुमारे 120 किलोमीटरवर असलेल्या या गावाचे तीन भाग आहेत: खाली किनाऱ्यालगतचं प्राया, समोरच्या कड्यावरचं सीतियू आणि मागच्या टेकडीवरचं जुनं पेदेर्नैरा. सीतियू हे मध्ययुगापासूनचं तीर्थक्षेत्र. आख्यायिका अशी, की 14 सप्टेंबर 1182 च्या सकाळी दों फुआश रोपिन्यू हा सरदार दाट धुक्यात हरणामागे घोडा फेकत होता. हरीण कड्यावरून खाली गेलं, त्यानं मारिया मातेचा धावा केला आणि घोडा अगदी टोकाशी थांबला. आख्यायिका खरी मानायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण कड्याच्या टोकावरचं स्मृतिमंदिर आजही उभं आहे आणि जवळच्या मोठ्या देवळाची स्थापना राजा फेर्नांदुनं 1377 मध्ये केली, हा इतिहास आहे. आतली काळसर लाकडी मूर्ती पाहायला देशभरातून यात्रेकरू येत. भारताच्या सफरीच्या संदर्भात वास्को द गामाही इथे दर्शनाला आला होता, असं स्थानिक परंपरा सांगते.

ही भक्ती पोर्तुगीज जहाजांबरोबर समुद्रापार गेली. ब्राझीलच्या बेलें शहरात 1793 पासून नाझारेच्या मातेची मिरवणूक निघते, आता ती ऑक्टोबरात असते. तिला लाखोंचा जनसागर लोटतो आणि 2013 मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्या गावाचं नाव अटलांटिकपलीकडे इतकी माणसं घेतात, त्याला अनोळखी कसं म्हणायचं?

पर्यटनही नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालमध्ये समुद्रस्नानाची टूम निघाली आणि सुखवस्तू कुटुंबं उन्हाळ्यात इथे येऊ लागली. खालच्या किनाऱ्यावरून कड्यावरच्या देवळाला जाणं सोपं व्हावं म्हणून 1889 मध्ये रुळांवरची चढगाडी सुरू झाली. तिची आखणी राउल मेनिए दु पोंसार यांची. लिस्बनमधली प्रसिद्ध सांता जुश्ता लिफ्टही पुढे त्यांनीच बांधली. चढगाडी सुरुवातीला वाफेवर चालायची, 1968 मध्ये विजेवर आली आणि त्यानंतरही माणसं वरखाली नेत राहिली. 1948 मध्ये पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या तरुण स्टॅनली कुब्रिकनं आणि 1955 मध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं इथल्या मच्छीमारांचे फोटो काढले. समुद्राकाठच्या रस्त्यावर ‘खोल्या भाड्यानं’ अशा तीन-चार भाषांतल्या पाट्या हातात धरून बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका तर सर्फर येण्याआधीपासून या गावाची ओळख होत्या.

‘खेडं’ हा शब्दही जपून वापरावा. किनाऱ्यावरची वस्ती खरंच तरुण आहे, कारण आज जिथे प्राया आहे तिथे काही शतकांपूर्वी समुद्र होता. त्या काळी महत्त्व होतं पेदेर्नैराला. तिथे जहाजं बांधली जात आणि लाकूड लैरियाच्या पाइनच्या जंगलातून येई. 1514 मध्ये राजा मानुएलनं पेदेर्नैराला सनद दिली. पुढे खाडी गाळानं भरली, समुद्र मागे हटला, मोकळ्या झालेल्या वाळूवर मच्छीमार उतरले आणि 1912 मध्ये तालुक्याचं नावही पेदेर्नैरा बदलून नाझारे झालं.

आता लाटेकडे वळू. मॅक्नमारानं ती ‘शोधली’ असं म्हणणं म्हणजे जे रोज तिच्याकडे पाहून होडी काढायची की नाही हे ठरवत, त्यांना आंधळं ठरवणं. प्राया दु नॉर्ते, म्हणजे उत्तरेचा किनारा, जीव घेतो हे इथल्या प्रत्येक घराला माहीत होतं. शिवाय गावातली पोरं तिथे आधीपासून बॉडीबोर्डवर, म्हणजे पोटावर पडून लाटेवर घसरायच्या आखूड फळीवर, लाटा घेत होती. त्यांच्यातल्याच दीनू काझिमिरू यांनी 2005 मध्ये मॅक्नमाराला ई-मेलनं या लाटेचा फोटो पाठवला. पालिकेनं पाठबळ दिलं आणि 2010 मध्ये तो आला. त्याचं धाडस आणि त्यानं केलेला अभ्यास खरा आहे, त्याचं श्रेय त्याला मिळायलाच हवं. पण त्याला इथे गावानं आणलं.

100 फुटांचा आकडाही तपासून घ्या. 1 नोव्हेंबर 2011 रोजी मॅक्नमारानं घेतलेली लाट 78 फुटांची मोजली गेली. 2017 मध्ये ब्राझीलच्या रोद्रिगू कोशानं 80 फुटांची घेतली. 29 ऑक्टोबर 2020 ला जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉइटनरनं घेतलेली लाट 86 फूट, म्हणजे 26.21 मीटर भरली आणि गिनीजनं तो विक्रम मान्य केला. जानेवारी 2013 मधल्या एका फोटोवरून ‘शंभरी गाठली’ अशी हवा झाली होती, त्याला अधिकृत मान्यता मिळाली नाही. महिलांच्या विक्रमाचा उल्लेख अशा पोस्टमध्ये क्वचितच असतो: फेब्रुवारी 2020 मध्ये ब्राझीलच्या माया गाबैरानं इथेच 73.5 फुटांची लाट घेतली. 2013 मध्ये याच पाण्यात ती बुडता बुडता वाचली होती आणि तरी परत आली.

इतकी मोठी लाट इथेच का, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. किनाऱ्याजवळून सुरू होणारी एक दरी 200 किलोमीटरहून जास्त लांब पश्चिमेला जाते आणि सुमारे 5000 मीटर खोलीपर्यंत पोचते. खोल पाण्यावरून येणारी लाट वेग टिकवते, बाजूच्या उथळ भागावरची मंदावते. दोन्ही किनाऱ्यापाशी एकमेकींवर चढतात, त्यात किनाऱ्यालगतच्या प्रवाहाची भर पडते आणि पाण्याची भिंत उभी राहते. ती पाहायची जागा म्हणजे सांव मिगेल किल्ला. 1577 मध्ये राजा सेबास्तियांवनं तो बांधायची आज्ञा दिली, 1903 मध्ये त्यावर दीपगृह आलं. नेपोलियनच्या फौजेनं तो बळकावला तेव्हा गावकऱ्यांनी तिला हुसकावून लावलं, हेही त्याच भिंतींनी पाहिलंय.

सात परकरांची सात लाटांशी सांगड हे अनेक स्पष्टीकरणांपैकी एक. कोणी आठवड्याचे सात दिवस सांगतं, कोणी इंद्रधनुष्याचे सात रंग. एकच कारण खात्रीनं सांगता येत नाही. उपयोग मात्र स्पष्ट होता. होड्या परत येईपर्यंत बायका थंड वाऱ्यात वाळूवर बसून राहत. काही परकर डोक्या-खांद्यावरून ओढून घेत, बाकीचे पायांभोवती. आज पूर्ण सात परकर सणाला आणि लोकनृत्यातच दिसतात. मासळी विकणं, वाळवणं, घरचा पैसा सांभाळणं ही कामंही याच बायकांची. कोळणींच्या मुलुखातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको, म्हणूनच त्यांच्या कष्टांचं गोंडस कोडं झालेलं खटकतं.

मासेमारी संपलेली नाही, तिची जागा बदलली. पूर्वी इथे बंदरच नव्हतं. उंच नाळेच्या होड्या थेट फुटत्या लाटांतून लोटाव्या लागत, परततानाही तोच धोका, आणि त्यात अनेक माणसं गेली. जाळं सिंधुदुर्गातल्या रापणीसारखंच, अर्धवर्तुळात टाकून किनाऱ्यावरून ओढायचं. ओढायला माणसं आणि बैल. 1980 च्या दशकात दक्षिणेला सुरक्षित बंदर झालं आणि होड्या वाळूवरून तिकडे गेल्या. किनारा मोकळा दिसतो तो यामुळे.

आणि वर्षभर राक्षसी लाटा? त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, तोही वादळ योग्य दिशेनं आलं तरच, आणि त्या कड्याच्या उत्तरेला उठतात. दक्षिणेकडचा गावचा किनारा कड्याच्या आडोशाला आहे. उन्हाळ्यात तिथे रंगीत पट्ट्यांचे तंबू लागतात आणि लहान पोरं पाण्यात खेळतात. अर्थात पाणी अटलांटिकचं, गोव्यापेक्षा बरंच गार. सप्टेंबरात गेलात तर 8 तारखेचा मातेचा उत्सव गाठा. आणि केव्हाही गेलात तरी किनाऱ्यावर लाकडी चौकटींच्या जाळ्यांवर चिरून पसरलेले काराप्पाव (बांगड्यासारखा एक मासा) आणि सार्डिन पाहा. तिथेच विकायला बसलेल्या बायकांकडून थोडी सुकी मासळी विकत घ्या.