काळी कॉफी आणि लिंबू: एकेका दाव्याचं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, रिकाम्या पोटी काळ्या कॉफीत लिंबू पिळून प्या, ७ दिवसांत पोटाची चरबी वितळेल, भूक मरेल, आणि नैसर्गिक असल्यामुळे काही साइड इफेक्ट नाही. माझी मावशी हे वाचून नाश्ताच सोडून बसलीये, म्हणून लिहितेय.

चरबी वितळते? कॅफिनने शरीर जरा जास्त कॅलरी जाळतं हे खरंय, पण किती ते बघा ना. १०० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे साधारण एक मग कॉफी, पोटात गेलं की पुढचे अडीच तास हा खर्च ३-४ टक्के वाढतो. बसल्या जागी दिवसाला १४०० कॅलरी खर्च होणाऱ्या बाईचा हिशोब मांडला तर अडीच तासांचे झाले १४५, त्याचे ४ टक्के म्हणजे जेमतेम ६ कॅलरी! एका ग्लुकोज बिस्किटात त्याच्या तिप्पट-चौपट असतात. आणि रोज पिऊन सवय झाली की तेवढाही फरक राहत नाही. लिंबातून सी व्हिटॅमिन मिळतं, चरबीचं त्याला काही देणंघेणं नाही.

भूक काहींची थोडा वेळ दबते, सगळ्यांची नाही. मावशी अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडते. शिवाय संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं, झोप उडते, आणि झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी उलट जास्तच खाल्लं जातं.

आता ते 'नैसर्गिक'. एफेड्रा ही पण वनस्पतीच, वजन कमी करायला अमेरिकेत लोक गोळ्या घ्यायचे, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या केसेस आल्यावर २००४ मध्ये बंदी आली. सिब्युट्रामिन तर खरोखर भूक मारणारं औषध होतं, पण हृदयाचा धोका दिसला म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं, भारतात २०११ मध्ये. तरी नंतरही कितीतरी 'हर्बल' स्लिमिंग पावडरींमध्ये लेबलवर न लिहिता ते मिसळलेलं सापडलंय, याचा मला खरंच संताप येतो.

निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, गरोदर बाईला २००. मावशीला बीपीची गोळी चालू आहे आणि तिने कॉफीचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, उद्या मी तिला घेऊन जातेय.