आधी गाडी मागे घेता येते का?

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रविवारी वेल्ह्याच्या बाजूला, एका वाडीच्या वरच्या अंगाला आमच्या अकरा गाड्या पाऊण तास अडकून पडल्या. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जीपसारख्या गाड्या चालवायच्या, हा आमचा छंद. दरड आली नव्हती, ओढा चढला नव्हता, कुणाची गाडी बंदही पडली नव्हती. आम्ही उतारानं खाली येत होतो आणि समोरून भाताच्या रोपांच्या मुठी भरलेला ट्रॅक्टर वर चढत होता. वाट एका गाडीपुरती. उजवीकडे डोंगर, डावीकडे पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं. मागे दीडेकशे मीटरवर जरा रुंद जागा होती, आम्ही सगळ्यांनी तिथवर मागे जायचं, इतकंच काम होतं. शेवटच्या चार गाड्या गेल्या. सातव्या गाडीला जाता येईना. तिच्या पुढे आम्ही सहा जण.

चालवणारा पंचविशीतला मुलगा, गाडी घेऊन दोन महिने झालेले. मी चालत त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तो घामानं भिजला होता. "दादा, मला चढावर रिव्हर्स कधी घ्यावाच लागला नाही हो," म्हणाला. मी हँडब्रेक लावायला सांगेपर्यंत त्यानं पुन्हा एकदा घाईनं प्रयत्न केला, मागचं चाक डावीकडे घसरलं आणि बांध फुटला.

ज्यांनी भातलावणी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाचरात पाणी तुंबवून चिखलणी करतात, मग त्या लोण्यासारख्या चिखलात रोपं लावतात. ते पाणी बांधाच्या जोरावर थांबलेलं असतं. बांध फुटला की पाणी जातं, पाण्याबरोबर वरची मऊ माती जाते, आणि ती जाऊन बसते खालच्या खाचरात लावलेल्या रोपांवर. त्या दिवशी दोन्ही खाचरं गेली. वरचं त्याच सकाळी लावून झालं होतं. लावणाऱ्या चार बाया कमरेत वाकून उभ्याच होत्या, आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

पैसे दिले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी, तो मुलगा आणि आणखी दोघे बांध घालायला गेलो. दगड लावून, माती चोपून दुपार झाली. लावणीची वेळ मात्र परत आणता येत नाही, आणि रोपं तर मोजूनच टाकलेली असतात.

त्यानंतर आठवडाभर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मुलाची जी टिंगल झाली, तिच्यासाठी ही पोस्ट लिहितो आहे. ती राइड मी नेली होती. अकरा गाड्या मी जमवल्या होत्या. त्यातले पाच जण पहिल्यांदाच डांबर सोडून उतरणार आहेत हे मला माहीत होतं. लावणीचे दिवस आहेत हेही माहीत होतं. आंधळ्या वळणापुढे एका माणसाला पायी पाठवून समोरून कुणी येतंय का बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. नवखा नवखाच असतो, त्यात त्याचा काय दोष? दोष त्याला तिथे नेणाऱ्याचा. आपल्या छंदात आपण नेमकं उलटं करतो. अनुभवी माणूस पुढे निघून फोटो काढतो आणि मागे अडकलेल्याचा व्हिडिओ होतो.

२०२० मध्ये महिंद्राची नवी थार आली, २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी आली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा दांडा हातात धरला नव्हता असे कितीतरी लोक या छंदात आले. मला त्याचा आनंदच आहे. माझ्या जुन्या जिप्सीच्या काळात रविवारी सोबतीला दुसरी गाडी मिळणं मुश्कील असायचं. पण नव्या गाड्या इतक्या गुणी आहेत की चालवणाऱ्याला आपण कुठवर शिकलोय हे कळतच नाही. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली असते. तो आकडा पाठ असलेला माणूस वाहत्या ओढ्यात गाडी घालतो, तेव्हा तळाला गोटे आहेत की डोह, पाण्याला ओढ किती, हे त्यानं पाहिलेलं नसतं. इंजिननं हवेच्या वाटेनं पाणी ओढलं की आतला रॉड वाकतो, आणि पुन्हा स्टार्टर मारला तर उरलंसुरलंही जातं. म्हणून ओढा आधी पायी ओलांडायचा, काठी घेऊन. ज्या पाण्यात तुम्हाला पाय रोवून उभं राहता येत नाही त्यात गाडी घालायची नाही. आणखी एक, जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. निघण्याआधी प्रत्येकाला विचारा. विचारायला लाजू नका, सांगायलाही लाजू नका.

आता मी नवीन माणसाला कुठेही नेण्याआधी एकच परीक्षा घेतो. शंभर मीटर चढावर, अरुंद जागेत, आरशात बघून गाडी मागे घेऊन दाखव. चिखल नंतर, खडक नंतर. डोंगरातल्या वाटेवर तुमची सभ्यता शेवटी इथेच ठरते, कारण वाट द्यायची इच्छा असूनही मागे जाता येत नसेल तर त्या इच्छेचा समोरच्याला काही उपयोग नाही. अरुंद घाटात उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत स्पष्ट आहे, त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही होतं. भरलेला ट्रॅक्टर चढावर थांबवला तर पुन्हा उचलताना त्याची चाकं जागेवर फिरतात आणि ट्रॉली मागे ओढते, हे त्या नियमामागचं कारण. वाटेत मोळी घेतलेली बाई असो, बैल असोत की धनगरवाड्यावरच्या म्हशी, थांबायचं आपण. गुरं असली तर इंजिनही बंद करायचं. ती माणसं कामाला निघालेली असतात आणि आपण हौसेला.

उताराबद्दलही सांगून ठेवतो, कारण घाबरलेला माणूस तिथे ब्रेकवर उभा राहतो, चाकं जाम होतात आणि गाडी घसरगुंडीवरून निघाल्यासारखी जाते. लो रेंज (फोर बाय फोरच्या दांड्यावरची कमी वेगाची, जास्त जोराची जागा), पहिला किंवा दुसरा गियर, आणि इंजिनलाच गाडी धरू द्यायची. उतारावर एका वेळी एकच गाडी. खुणा करणारा माणूसही एकच. चार जण चार दिशांना हात हलवायला लागले की नवखा कुणाचंच बघत नाही, आणि आपल्याकडे तर प्रत्येकालाच खुणा करायच्या असतात!

अडकलेली गाडी ओढून काढताना दोर मागच्या टोइंगच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. झटक्यानं तो गोळा तुटला तर काच फोडून आत येतो, ऑस्ट्रेलियात त्यानं जीव गेलेले आहेत. चेसिसला लावलेला, वजनाची क्षमता लिहिलेला हुक नसेल तर गाडी घरीच ठेवा. विंच (गाडीला लावलेली, तार गुंडाळत गाडी ओढणारी चरखी) झाडाला बांधायची वेळ आली तर रुंद पट्टा वापरा, नुसत्या तारेनं साल सोलून निघते आणि ते झाड पुढे वाळतं.

वाटेत डबकं असेल तर खोली बघून त्याच्या मधूनच जा. प्रत्येक जण कडेनं जातो आणि दोन पावसाळ्यांत बैलगाडीची वाट हमरस्त्याएवढी रुंद होते.

सड्यांचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांचं मात्र मला सगळ्यात जास्त लागतं. सह्याद्रीचे सडे वरून मोकळे, सपाट दिसतात, आणि नवख्याला वाटतं की इथे गोल गोल गाडी फिरवली तर कुणाचं काय बिघडतंय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण तिथे कातळावर माती असते बोटभर, फार तर वीतभर. त्या मातीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं फुलतात. इतकी इवलीशी झाडं, आणि पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाणारी! शेजारी गेंद असतो, पुढे पिवळ्याधमक सोनकीचे ताटवे. कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं ते पश्चिम घाटाच्या याच श्रीमंतीमुळे. चाक एकदा फिरलं की माती निघून कातळ उघडा पडतो, त्या चरातून पाणी वाहून जातं आणि आजूबाजूची मातीही सुटते. तिथे पुढच्या वर्षी काही उगवत नाही.

"मग शिकायचं कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. शिकायला चिखल लागतोच. पण तो दुसऱ्याच्या लावणीचा चिखल असायची गरज नाही. वन खात्याची हद्द आणि अभयारण्य तर सोडाच, मोकळं दिसणारं रानही बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीचं असतं. मालकाला विचारून, पीक निघाल्यावर, पडीक माळावर शिकता येतं.

यंदा मी लावणी उरकेपर्यंत कुठलीही राइड नेणार नाही. सप्टेंबर संपेपर्यंत सड्यावर गाडी घालणार नाही, पायी जाईन. त्यानंतरही पाचाच्या वर गाड्या नाहीत, त्यात नवीन जास्तीत जास्त दोन, आणि प्रत्येक नवीन गाडीच्या मागेपुढे एक जुना माणूस. तोवर दर रविवारी सकाळी सात वाजता, आमच्या ओळखीच्या एका मालकानं दिलेल्या जुन्या खाणीच्या उतारावर रिव्हर्सचा सराव आहे. यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा, जागा कळवतो. तो बांध फोडलेला मुलगा गेल्या रविवारीही आला होता. आता तो मागे बघत सरळ रेषेत चढतो, आणि शेजारच्या नवीन मुलीला खुणा तोच करत होता.