धडधडणारी वॉशिंग मशीन भंगारात घालायच्या आधी टब दाबून बघा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की आमच्याकडे गोव्यात पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं सगळं एकदम धुवायला निघतं, आणि दरवर्षी याच दिवसांत कोणाची ना कोणाची मशीन नाचायला लागते. यंदा म्हापशाच्या आत्याची. आणि नेमका त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड फिरत फिरत आला, तुमच्याकडेही आला असेलच. त्यात लिहिलंय की टॉप लोड मशीन स्पिनला धडधडली म्हणजे बेअरिंग (ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो ते) गेलं, त्यात पैसे घालणं मूर्खपणा, अगदीच करायचं तर जो रॉड सैल दिसतो तेवढा एकच बदला, रॉडवर तेल सोडा, खाली रबर नाहीतर ट्रॉली लावा, आणि तसंही खाऱ्या हवेत मशीन पाच वर्षांच्या वर टिकत नाही तेव्हा एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे व्हा. आत्याने वाचलं आणि लगेच शोरूमला फोन. मी म्हटलं थांब, आधी मला बघू दे.

पहिलं वाक्यच चुकीचं आहे. धडधड आणि बेअरिंग या दोन वेगळ्या गोष्टी. बेअरिंग गेलं की घरघर येते, लांबून विमान आल्यासारखी, आणि ड्रमचा स्पीड जसा वाढेल तशी ती वाढत जाते, मशीनमध्ये एक कपडा नसला तरी येते. सस्पेन्शन, म्हणजे टब पेलून आवरणारे रॉड, गेलं की आवाज येतो तो आदळण्याचा, धाड धाड धाड, स्पिन सुरू होताना आणि संपताना जास्त, मधे फुल स्पीडला कधी कधी एकदम गप्प. हे असं का होतं ते कळलं की मग कोणी फसवू शकत नाही. टॉप लोडमध्ये बाहेरचा टब, त्याच्या आतला कपड्यांचा ड्रम आणि खालची मोटर असं सगळं धूड जमिनीवर टेकलेलं नसतंच, ते बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार रॉडवर लटकलेलं असतं, झोपाळ्यासारखं. आता झोपाळ्याला एक आपली ठरलेली लय असते, त्या लयीत धक्का बसला की तो मोठा मोठा होत जातो. स्पिन सुरू होताना ड्रम हळू फिरत असतो तेव्हा तो नेमका या लयीतून जातो, आणि तेवढे काही सेकंद टबाला आवरून धरणं हे रॉडच्या खालच्या टोकाचं काम. एकदा स्पीड त्याच्या वर गेला की टब आपोआप शांत होतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी धडधड, मधे शांती.

आमच्या डिचोलीच्या घरी दोन वर्षांमागे हाच प्रकार झाला होता. एक मेकॅनिक आला, बटण दाबून आवाज ऐकला आणि झाकणही न उघडता बेअरिंग गेलं म्हणून साडेचार हजार सांगितले. आईला पटेना. मग शेजाऱ्यांनी दुसरा बोलावला, वयस्कर माणूस, त्याने मशीन बंद करून झाकण उघडलं, टबाच्या काठावर दोन्ही हात ठेवून तो खाली दाबला आणि सोडून दिला. टब वर आला, खाली गेला, वर, खाली, चार-पाच वेळा डुलत राहिला. "हें बेअरिंग न्हय रे," इतकंच बोलला. चांगला टब दाबून सोडला की एकदा वर येतो आणि गप्प बसतो, फार तर अजून अर्धा हेलकावा. ही टेस्ट फुकट आहे, प्लग काढून कोणीही करावी. दुसरी टेस्ट म्हणजे रिकामा ड्रम हाताने फिरवून बघणं, आत खरखर लागली किंवा ड्रम वर-खाली, आजूबाजूला खुळखुळला तर मग बेअरिंगची गोष्ट करा. हां, फिरवताना आत कुठेतरी पाणी डचमळल्याचा आवाज येईल, त्याला घाबरू नका, ड्रमच्या वरच्या कडेला जी जाड प्लास्टिकची रिंग असते तिच्यात तोल सांभाळायला मिठाचं पाणी मुद्दाम भरलेलं असतं. आत्याने याच आवाजावरून ठरवलेलं की मशीनमध्ये पाणी साठून राहतंय.

आता 'दुरुस्तीत पैसे घालू नका'. आम्हाला तेव्हा डिचोलीला चार रॉडचा सेट साडेनऊशेला पडला, मजुरी तीनशे. मॉडेलप्रमाणे वर-खाली होईल, पण नवी मशीन घ्यायला निघालात तर याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, मग हिशोब तुम्हीच करा.

एकच रॉड बदलण्याचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, नाही का, जे मोडलं ते बदला. पण इथे चारही जणांनी तेवढीच वर्षं तेवढंच ओझं उचललंय. एक नवा टाकलात तर तो कोपरा वर आणि बाकी तीन दबलेले, टब कलता, आणि कलता टब फिरला की त्याच जुन्या तिघांवर अजून मार. मशीन जेमतेम वर्षाची असेल आणि एखादा रॉड वाहतुकीत वाकला-बिकला असेल तर एक बदला, चालेल. पाच-सात वर्षांच्या मशीनला चारच. आणि दुकानात जाऊन 'टॉप लोडचे रॉड द्या' असं म्हणून चालत नाही हेही फॉरवर्डवाल्याला ठाऊक नसावं. रॉडची लांबी वेगळी, स्प्रिंग किती कडक ते वेगळं, आणि कितीतरी मॉडेलमध्ये पुढचे दोन आणि मागचे दोन एकसारखे नसतात, कारण मोटरचं वजन बरोबर मधोमध नसतं. रॉडच्या खालच्या प्लास्टिकच्या टोपीचा नाहीतर स्प्रिंगचा रंग वेगळा असतो त्यावरून ओळखायचं. मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि कुठला रॉड कुठल्या कोपऱ्यातला याचा फोटो, दोन्ही घेऊन जा.

तेलाचा सल्ला वाचून मात्र मला हसावं की रडावं कळेना. रॉडच्या खालच्या टोकाला एक प्लास्टिकची टोपी असते, तिच्यात स्प्रिंग, आणि टब या टोपीवर बसलेला असतो. टब हलला की टोपी वर-खाली सरकते आणि आतल्या घर्षणाने, कोंडलेल्या हवेने ती अडखळत सरकते. ते अडखळणं म्हणजेच सस्पेन्शन! नवा रॉड हातात घेऊन टोपी ओढून बघा, इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दांडा ओढावा तसं जाणवतं, हळू येतं, सोडलं की हळू परत जातं. आमचा जुना रॉड ओढला तर खटकन सरकला, आतलं ग्रीस सुकून काळा चिखल झालेला आणि प्लास्टिक एका बाजूने घासून गुळगुळीत. स्प्रिंग मात्र ठणठणीत. म्हणजे स्प्रिंग तुटलेली दिसत नाही म्हणून रॉड चांगला, हेही खोटं. आता अशा ठिकाणी शिलाई मशीनचं तेल सोडलंत तर उरलंसुरलं घर्षणही गेलं, टब अजून मोकाट. ग्रीस लावायची जागा एकच, रॉडचं वरचं डोकं कोपऱ्यातल्या ज्या वाटीत बसतं ती, आणि तिथेही बोटभर पुरे. तिथून कुई-कुई आवाज येत असेल तर तो थांबतो. धडधड नाही थांबत. काही जण रॉडखाली वॉशर घालून टब उचलून घेतात, त्याने टब वर दिसतो खरा, पण डुलायचा थांबत नाही.

रबर आणि ट्रॉली. रबराचे पॅड पायाखाली घातले तर खालच्या मजल्यावरच्यांना आवाज कमी जाईल, मशीनच्या पोटात टब बॉडीवर आदळतोय तो आदळतच राहणार. चाकांची ट्रॉली तर नकोच. मला कळतं लोक का घेतात, पावसात मागच्या पडवीत पाणी येतं, उंदीर खालून शिरून वायरी कुरतडतात, मशीन उंचावर बरी वाटते. पण चाकांवर उभी केलेली मशीन स्वतःच डुलते. आणि पडवीची एक गंमत कोणी लक्षात घेत नाही, आपल्याकडे पडवी न्हाणीची असो की फ्लॅटची बाल्कनी, पाणी वाहून जावं म्हणून गवंड्याने तिला मुद्दाम उतार दिलेला असतो, त्या उतारावर मशीन ठेवली की टब पहिल्या दिवसापासून एका बाजूला. आत्याकडे अर्धा दोष हाच निघाला. पुढचे पाय फिरवून उंच करा, फोनमधलं लेव्हल झाकणावर ठेवून बघा, कोपऱ्यांवर दाबून मशीन डुगडुगत नाही ना ते बघा. उंची पाहिजेच तर चिऱ्याचा नाहीतर सिमेंटचा पक्का कट्टा करा.

खाऱ्या हवेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. पण मग आमची डिचोलीची मशीन, समुद्रापासून इतकी आत, तिचे रॉड का गेले? कारण रॉड जातात ते ओझ्याने. तीन जीन्स आणि दोन बेडशीट एकदम, तीही एका बाजूला गोळा होऊन. एक हिशोब सांगतो. ड्रमच्या कडेला एका बाजूला अर्धा किलोचा ओला गोळा जास्त आहे, ड्रम मिनिटाला 700 फेरे घेतोय, ड्रमची त्रिज्या 22 सेंटीमीटर धरली तर तो गोळा ड्रमला बाहेर ओढतो सुमारे 60 किलो वजनाइतक्या जोराने, आणि ही ओढ सेकंदाला जवळजवळ 12 वेळा दिशा फिरवते. अर्धा किलो! पावसाळ्यात कपडे सुकत नाहीत म्हणून आपण दोनदोनदा स्पिन मारतो तो मार वेगळाच. रेनकोट, ताडपत्री, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर तर स्पिनला घालूच नका, त्यात पाण्याची पिशवी होते आणि ती एकदम सुटते. 2016 मध्ये अमेरिकेत सॅमसंगने सुमारे 28 लाख टॉप लोड मशीन परत बोलावल्या होत्या, कंपनामुळे वरचं झाकण-पॅनल सुटून उडत होतं, तेव्हा लोकांना चादरी-रजया आणि पाणी न शोषणारे कपडे हलक्या सायकलवरच धुवा म्हणून सांगितलं होतं.

तर खाऱ्या हवेत तथ्य किती? एवढंच, की रॉड ज्या कोपऱ्यांना लटकतात तो पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले असतील, स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल, तर नव्या रॉडवर पैसे घालू नका. सगळं वजन त्या पत्र्यावर आहे. कळंगुटला एका ओळखीच्यांची मशीन अशी निघाली, उघड्या गच्चीवर समुद्राकडे तोंड करून ठेवलेली, तिथे मी स्वतः म्हटलं द्या एक्स्चेंजमध्ये. म्हणजे फॉरवर्ड तिथे बरोबर, पण कारण पाच वर्षं हे नव्हे, कारण तो कोपरा.

फॉरवर्डच्या शेवटी 'सेमी ऑटोमॅटिकलाही हेच लागू' अशीही एक ओळ आहे. नाही. सेमीच्या सुकवायच्या टबाला हे लटकते रॉड नसतात, त्याची मोटर खाली तीन स्प्रिंग-रबरांवर बसलेली असते, तिथे ते रबर बघायचं. आणि फ्रंट लोडचं तर सगळंच वेगळं, वर स्प्रिंगा आणि खाली शॉकअप.

आत्याचे रॉड मी आणि आतेभावाने मिळून बदलले, पण 'दहा मिनिटांचं काम' म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं, आम्हाला अडीच तास लागले, त्यातला अर्धा तास टबाखाली पडलेला स्क्रू शोधण्यात. प्लग काढला, नळ बंद, पाणी सगळं काढलं, मागचे स्क्रू काढून वरचं पॅनल उचललं आणि वायरी ताणू नयेत म्हणून दोरीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं. मग एकाने टबाचा कोपरा उचलून धरायचा, दुसऱ्याने रॉडचं डोकं वाटीतून आतल्या बाजूला सरकवून काढायचं. एका वेळी एकच रॉड, नाहीतर टब एका बाजूला आपटतो. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आतेभावाचं मनगट कापलं, हातमोजे घाला. एकट्याने करू नका, कंबर धरेल. मशीन वॉरंटीत असेल तर हात लावूच नका, कंपनीला बोलवा.

तर आता ज्यांना ज्यांना मला व्हिडिओ पाठवायचे आहेत त्यांनी तीन पाठवा: रिकाम्या मशीनचा स्पिन, कपडे घालून स्पिन सुरू होतानाचा, आणि बंद मशीनचा टब दाबून सोडल्याचा. नुसता आवाजाचा व्हॉइस मेसेज नको, त्यात मागे टीव्हीच जास्त ऐकू येतो.