बुवांचा फाटलेला आवाज आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहावर, म्हणजे तिथल्या श्रावणातल्या अखंड भजनाच्या उत्सवावर, मी लेख लिहिला. त्यात गाता गाता एका भजनी बुवांचा आवाज फाटला, त्या प्रसंगाला मी आध्यात्मिक म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "अभंग गाताना डोळ्यांतून पाणी काढणं म्हणजे लोकांना भुलवणं. खरी साधना शांत असते. अध्यात्माच्या नावाखाली हुंदके विकू नका." तळमळीने लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुमचं एक म्हणणं पूर्ण मान्य. अश्रू आले म्हणून गाणं मोठं होत नाही. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांच्या तबकडीवरून अंतराळात गेली. त्या ध्वनिमुद्रणात ना चेहरा दिसतो ना डोळे, तरी ऐकताना माझा गळा दाटतो.

पण अश्रू दिसले की ढोंग, हे पटत नाही. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटते त्या खुणांत, रोमांच आहे, स्वरभेद म्हणजे आवाज बदलणं आहे, अश्रूही आहेत. नाट्यशास्त्राचे कर्ते भरतमुनी ते अभिनयाच्या संदर्भातच सांगतात आणि मन एकाग्र झाल्याशिवाय ते साधत नाहीत, असंही बजावतात. आणि साधना शांतच असते म्हणाल, तर गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुनाच्या अंगावर काटा येतो, तो सद्गदित होऊन बोलतो. त्याला ढोंगी म्हणायचं का?

आता गळ्याचं बघा. खरं रडू येतं तेव्हा आवंढा दाटतो, श्वास तुटतो, अशा गळ्यातून तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागणं महाकठीण. सोंग घेणाऱ्याला ही अडचण नसते. त्या रात्री बुवांना ती आली. गजर चढत गेला होता, पखवाज दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, शिरला होता, आणि दुसऱ्याच ओळीवर त्यांचा आवाज फाटला. त्यांनी ओळ मागच्या टाळकऱ्यांवर सोडली, मान खाली घातली. हातातली झांज मात्र एका मात्रेनेही ढळली नाही. तालाच्या दोन आवर्तनांनी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आले ते स्वच्छ सुरात. मी त्या प्रसंगाला आध्यात्मिक म्हटलं ते या झांजेसाठी. एवढा उमाळा दाटून आलेला असताना हात लयीत राहतो, तो वर्षानुवर्षांच्या रियाजाने आणि समोर देव आहे या भावनेने.

"विकू नका" हा शब्द मात्र लागला. नाव सप्ताह असलं तरी तिथे भजन चोवीस तास अखंड चालतं, पथकांमागून पथकं येतात, पाळी संपली की उठतात. तिकीट नाही की बिदागीची घासाघीस नाही. पुढच्या श्रावणात या. मध्यरात्रीनंतरची एखादी पाळी गाठा, ध्वनिक्षेपकापासून लांब, थेट टाळकऱ्यांच्या मागे बसा. त्यानंतरही हेच मत राहिलं, तर पुन्हा लिहा, मी वाचेन.