अठ्ठेचाळीस आकडे आणि एक स्क्रू

व्हिडिओतल्या माणसाचा लॅपटॉप उघडायला तयारच बसलेला असतो. तो चार स्क्रू सैल करतो, नखाने झाकण उचलतो, जुनी डिस्क काढून नवी बसवतो आणि 'झालं' म्हणतो. त्याच्या टेबलावर धूळ नसते, मागून कोणी 'किती वेळ लागेल अजून?' विचारत नाही, आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ तिथेच संपतो. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ते कोणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. काळ्या पडद्यासमोर बसून आपण आपणच आहोत हे आपल्याच यंत्राला पटवून द्यायचं असतं.

माझा लॅपटॉप 'वर्कस्टेशन' जातीचा आहे. याचा अर्थ, त्याला मांडीवर घेणं कंपनीलाही अपेक्षित नाही. ताकद भरपूर, पंख्याचा आवाज त्याहून भरपूर, पण डिस्क मात्र ५१२ जीबीची. ती भरली. सी ड्राइव्हखालची पट्टी लाल झाली, मग मी डाउनलोडचं फोल्डर साफ केलं, मग ती पुन्हा लाल झाली. शेवटी दोन टीबीची नवी डिस्क घ्यायचं ठरलं.

डिस्क निवडताना पहिल्यांदा कळतं की या धंद्यात नावं ठेवायची जबाबदारी कोणावरच नाही. एम डॉट टू, २२८०, एनव्हीएमई, जेन फोर. एम डॉट टू हा चपट्या पट्टीसारख्या डिस्कचा आकार, एनव्हीएमई ही यंत्राशी बोलायची वेगवान पद्धत, जेन फोर ही जोडणीची चौथी पिढी. यातलं २२८० म्हणजे मॉडेल नंबर नव्हे. रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर, एवढंच. हे मात्र कामाचं, कारण २२३० आणि २२४२ अशी बुटकी भावंडंही बाजारात आहेत. त्यात एम डॉट टूच्या त्याच आकारात साटा जातीची डिस्कही मिळते. ती सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबीवर दमते आणि एनव्हीएमई जेन फोर सात हजारांपर्यंत पळते. दिसायला दोघी सारख्या; फरक कळतो तो तळाशी असलेल्या खाचेवरून, आणि तोही दर वेळी नाही.

उघडण्याआधी, विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद करायची असते. हा पर्याय ज्याने ठेवला त्याचं भलं होवो. मग मागचे स्क्रू. ते कितीही फिरवले तरी बाहेर येत नाहीत, कारण हरवू नयेत म्हणून ते झाकणालाच अडकवलेले असतात. हे माहीत नसलेला माणूस डावीकडे फिरवत फिरवत म्हातारा होऊ शकतो. त्यानंतर प्लास्टिकच्या आकड्या. एकेक आकडी सुटताना 'कट्' असा जो आवाज येतो तो सुटल्याचा की तुटल्याचा, हे ओळखणारा कान मला देवाने दिलेला नाही. प्रत्येक 'कट्'ला मी थांबायचो आणि बायको आतल्या खोलीतून विचारायची, "मोडलं का रे?" तिच्या आवाजात काळजी नव्हती, नुसती चौकशी होती.

झाकण निघालं. आत दुसरी जागा रिकामी होती, तिच्या टोकाला स्क्रूचं भोकही होतं. स्क्रू नव्हता. डिस्कच्या खोक्यात हमीचं पत्रक वीसेक भाषांत होतं, स्क्रू एकाही भाषेत नव्हता. डिस्क खाचेत तिरकी सरकवली की ती तिरकीच उभी राहते. दाबली की बसते, सोडली की उठते. तिला आडवं ठेवण्याचं सगळं काम दोन मिलिमीटर जाडीचा तो स्क्रू करतो. अख्ख्या वर्कस्टेशनमध्ये मला त्याच्याइतका महत्त्वाचा भाग दुसरा वाटला नाही. एका मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातून तो मिळवला, डिस्क आडवी झाली, झाकण लागलं.

यंत्र चालू केलं. डिस्क नाही. म्हणजे आत होती, मी स्वतः झोपवली होती, पण बायोसच्या यादीत तिचं नाव नव्हतं. या सगळ्यातला माझा एक जाणकार मित्र आहे. त्याला फोन केला.

"बायोस कुठलं आहे?" त्याने विचारलं.

"आलं तेव्हाचंच."

तो नुसता हसला. अशा हसण्याचे पैसे घेत नाहीत हीच त्याची मैत्री.

बायोस म्हणजे यंत्राला जाग येताना सगळ्यात आधी चालणारी आज्ञावली. १९८१च्या आयबीएम पीसीतही ती होती. आता तिच्या जागी यूईएफआय आलं आहे, तरी सगळे तिला बायोसच म्हणतात. तिच्या नव्या आवृत्तीसोबत एक टिपण येतं: 'प्रणालीची स्थिरता सुधारली.' म्हणजे आधी ती किती डळमळत होती, ते आपण आपलं समजून घ्यायचं. अपडेटच्या अटीही बघण्यासारख्या. चार्जर लावलेला हवा, आणि चार्जर लावलेला असला तरी बॅटरीही चार्ज हवी. दोन्ही असल्यावर पडद्यावर सूचना येते: काहीही झालं तरी यंत्र बंद करू नका. टक्के वाढू लागतात, पंखा पूर्ण वेगाने सुटतो, आणि मग पडदा काळा होतो. काळाच राहतो. नव्या बायोसला रॅमची पहिल्यापासून ओळख करून घ्यायची असते, त्यात काही मिनिटं जातात, हे मला वाचून ठाऊक होतं. पण वाचलेलं आणि काळा पडदा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बटणाकडे जाणारा हात मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

उजेड आला. यादीत डिस्क आली. आणि विंडोजऐवजी निळ्या पडद्यावर प्रश्न आला: 'रिकव्हरी की', म्हणजे राखीव किल्ली, द्या.

जुन्या डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचंच, कुलूप होतं. मी लावलेलं नव्हतं; काही यंत्रांवर ऑनलाइन खात्याने लॉगिन केलं की ते आपलं आपण लागतं. कुलपाचं यात काहीच चुकलं नव्हतं. त्याची किल्ली सांभाळणारी टीपीएम नावाची चिप यंत्र चालू होताना बायोसची मोजदाद ठेवते. रात्रीत बायोस बदललं, म्हणजे घरात कोणीतरी शिरलं, असा तिने हिशेब केला. शिरलेला माणूस मालकच आहे हे तिला कसं कळावं? विंडोजमधून अपडेट चालवलं तर सहसा कुलपाला आधी कल्पना दिली जाते. मित्राच्या सांगण्यावरून ते पेनड्राइव्हवरून थेट बायोसमध्ये झालं होतं.

किल्ली अठ्ठेचाळीस आकड्यांची. सहा-सहाचे आठ गट. ती ऑनलाइन खात्यात असते, म्हणून फोनवरून खात्यात शिरलो, तर तिथे मीच मी आहे याचा वेगळा पुरावा लागला. तोही दिला. मग एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं एक बोट, आणि पुटपुटणं. टाइप करताना एक छान गोष्ट कळली: प्रत्येक गटाला अकराने नि:शेष भाग जातो. म्हणून एखादा आकडा चुकला तर अख्खी किल्ली भरेपर्यंत थांबावं लागत नाही, कुठला गट बिघडला ते कळतं. एवढा विचार करणाऱ्या माणसाने माझ्या स्क्रूचाही विचार करायला हरकत नव्हती.

आत शिरल्यावर क्लोनिंग. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर. हे काम बिनबोभाट झालं, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबीच दिसली त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ने मोजतं. पण सी ड्राइव्ह होता तेवढाच राहिला. तेराशेहून जास्त जीबी जागा शेजारी मोकळी, आणि सी वाढवायचा पर्याय फिका पडलेला, दाबताच येईना. कारण दोघांच्या मधोमध रिकव्हरीचा एक विभाग, जेमतेम काही शे एमबीचा, पाय रोवून बसला होता. सीला लागून उजवीकडे मोकळी जागा असेल तरच विंडोज ती जोडून देतं. भावाभावांच्या शेतामध्ये हातभर बांधासाठी कोर्टकचेऱ्या होतात त्या का, ते मला डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत समजलं. आधी रिकव्हरी बंद करायची, मग तो विभाग पुसायचा (सरळ सांगून पुसला जात नाही, 'ओव्हरराइड' असा दम द्यावा लागतो), मग सी वाढवायचा, आणि शेवटी टोकाला रिकव्हरीला नवी जागा द्यायची. पुनर्वसनासकट सगळं पार पडलं.

आता फाइल कॉपी करायला घेतली की पट्टी दिसायच्या आत संपते. मेल उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, पण त्याला डिस्क काय करणार.

क्लोन केलेल्या डिस्कवर कुलूप नव्याने लावावं लागलं, म्हणून किल्लीही नवी निघाली. विंडोज ती त्याच कुलूपबंद डिस्कवर ठेवू देत नाही, एवढी अक्कल त्याला आहे. मित्र म्हणाला, "कागदावर लिहून ठेव." मी वाचत गेलो, मुलगी लिहीत गेली. तिचं लिहून झाल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला आणि एकेक गट अकराने भागू लागलो. पाच गट चोख निघाले. सहाव्यात बाकी ४ उरली. पडद्यावर शेवटी ३१ होते, तिने १३ लिहिले होते.

"अंक तर तेच आहेत ना, बाबा?" ती म्हणाली.